रद्दी कीं ठेवा ?

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलाच्या तोंडीं ‘आपलें’ हा शब्द फार लवकर बसतो. ‘माझें’ हा शब्द मात्र त्याला पुष्कळ उशिरां सांपडतो. घर आपलें, विहीर आपली, गाय आपली; थोरल्याचा सदरा पुढल्या वर्षीं धाकट्याच्या अंगावर; चुलतबहिणीचीं क्रमिक पुस्तकें नवा पुठ्ठा घालून आपल्या दप्तरांत; अंथरूण ज्याच्या हाताला आधीं लागेल त्याचें. ह्या पद्धतीचे गुण आपण सर्वांनीं अनुभवलेले आहेत. परंतु अशा भरल्या घरांत मुलाचें असें स्वतःचें कांहीं असतें कीं नाहीं, असा प्रश्न केला तर त्याचें उत्तर बहुधा एखाद्या फडताळाच्या तळाशीं, गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांत सांपडतें. त्या डब्यांत काडेपेटीचे छाप असतात, सिगारेटचीं रिकामीं पाकिटें असतात, वर्तमानपत्रांतून कातरलेलीं खेळाडूंचीं चित्रें असतात, गोळ्यांचे रंगीत कागद असतात. मोठ्यांच्या लेखीं ती रद्दी. मुलाच्या लेखीं तो ठेवा. दसरा-दिवाळीची झाडलोट आली म्हणजे ह्या दोन मतांचा सामना होतो, आणि त्यांत मुलाचा पक्ष बहुधा पराभूत होतो. ह्या महिन्यांत त्या पराभूत पक्षाची बाजू मांडावी असें मनांत आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं नातवंडें आज अमेरिकेंत आहेत. तेथें हाच छंद ‘बेसबॉल कार्ड’ ह्या नांवानें चालतो. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद शोभेल असा खेळ. त्यांतील नामांकित खेळाडूंचीं चित्रें लहानशा पुठ्ठ्यावर छापून तीं पूर्वीं सिगारेटच्या पाकिटांत घालीत. हेतु दुहेरी असे. पाकिटाला ताठपणा येऊन आंतील सिगारेटी मोडूं नयेत हा एक. आणि मालिका पुरी करण्याच्या नादानें गिऱ्हाइकानें पुन्हां तेंच पाकीट घ्यावें हा दुसरा. पुढें तंबाखूची जागा च्युइंग गमनें घेतली आणि हीं चित्रें सर्वस्वीं मुलांचीं झालीं. इंग्लंडांतहि असाच प्रकार होता. विल्स कंपनीनें १८९६ सालीं क्रिकेटपटूंच्या ५० चित्रांची मालिका काढली होती. १९४० सालीं युद्धामुळें कागदाची टंचाई झाली आणि तेथील पाकिटांतून चित्रें नाहींशीं झालीं.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९५३ ते १९६० च्या सुमारास, बारामतीस असलीं कार्डें येत नसत. एका चुलत्यांच्या जुन्या ट्रंकेंत युद्धापूर्वींचीं दोनचार निघालीं, तीं आम्हांस देवघरांतल्या टाकांसारखीं जपून हाताळण्याच्या योग्यतेचीं वाटलीं. आमची रोजची दौलत म्हणजे काडेपेटीचे छाप. आणि तिला इतिहास कांहीं कमी नाहीं.

काडेपेटी आपल्या देशांत प्रथम बाहेरून आली. स्वीडनहून, ऑस्ट्रियाहून, पुढें जपानहून. पण घेणारीं घरें हिंदी, म्हणून त्या परक्या कारखानदारांनीं पेटीवर आपल्याच देवदेवता बसविल्या. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व नंतर तो आपल्या पुणें जिल्ह्यांत, लोणावळ्याजवळ मळवली येथें आला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या, आणि त्यांच्या बोटभर नकला काडेपेटीवरून स्वयंपाकघरांत शिरल्या. १९२२ सालीं परदेशी काडेपेटीवर भारी जकात बसली. तेव्हां १९२३ सालीं स्वीडिश भांडवलावर ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’, म्हणजे आपली ‘विम्को’, येथेंच निघाली व तिचा कारखाना अंबरनाथास उभा राहिला. त्याच सुमारास दक्षिणेंत शिवकाशीचे अय्या नाडार व षण्मुग नाडार हे दोघे चुलतभाऊ कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले, आणि त्या कोरड्या मुलखांत हाताने काड्या भरण्याचे कारखाने घरोघर पसरले. ह्याचा आम्हां मुलांशीं संबंध असा कीं, मोठा कारखाना थोड्याच ठरीव छापांच्या लाखों पेट्या काढी. उलट दक्षिणेकडील शेंकडों लहान कारखाने आपापला निराळा छाप काढीत. मोर, सिंह, कमळ, आगगाडी, विमान, घड्याळ, किल्ली, सुपारी. ज्या वस्तूला नांव आहे तिचा छाप आहे, असें आम्हांस वाटे.

आतां हे छाप येत कसे, तें पहा. बारामतीस १९१४ पासून दौंडहून अरुंद रुळांची लहानशी गाडी येत असे. दौंडाला मुंबईची वाट मिळालेली. तेव्हां बारामतीच्या फलाटाखालीं ज्या रिकाम्या पेट्या पडत त्या बहुतेक विम्कोच्या, मुंबईकडच्या. माझें आजोळ इंदापूरचें. तें पुणें-सोलापूर रस्त्यावर. पुढें तोच रस्ता हैदराबादेस जातो. मालमोटारी तेथें थांबत, हांकणारे चहा घेत, आणि जातांना शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी असल्या गांवांचे छाप व हैदराबादेची ‘चारमिनार’ची पाकिटें धुळींत टाकून जात. त्याच तालुक्यांत, कळंबजवळ, शेठ वालचंद हिराचंद यांचा साखरेचा कारखाना गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत उभा राहिला व वालचंदनगर वसलें. तेथें निरनिराळ्या प्रांतांचे कामगार आलेले; त्यांच्या येण्याजाण्याबरोबर कधीं न पाहिलेल्या पेट्या येत. त्यामुळें एका पन्नास किलोमीटरांच्या अंतरांत छापांचे दोन वेगळे बाजार तयार झाले होते. बारामतींत जो छाप कोणी फुकट घेईना, त्याला इंदापुरांत चार छाप मिळत; आणि उलट. मी दिवाळींत व मे महिन्यांत आजोळीं जात असें, तेव्हां परकराच्या ओच्यांत दोन्ही गांवांचा व्यापार चाले असें म्हटलें तरी चालेल. छापाच्या तळाशीं बारीक अक्षरांत गांवाचें नांव असे. तें शाळेच्या नकाशांत शोधणें हा आमचा रात्रीचा उद्योग. भूगोलाच्या पुस्तकानें मला दक्षिण हिंदुस्थान जेवढा शिकविला, त्याहून ह्या पेट्यांनीं अधिक शिकविला.

खेळाडूंच्या चित्रांची गोष्ट निराळी. तीं आम्हांस आयतीं कोणी दिलीं नाहींत. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडच्या संघाविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा विक्रम अवघा नऊ धावांवर राहिला होता. पण काठेवाडच्या कर्णधारानें, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनीं, पुढें खेळण्यासच नकार दिला आणि सामना तेथें संपला. असा पराक्रम अमेरिकेंत घडता तर त्या वर्षीं त्या माणसाचें चित्र हजारों पाकिटांतून निघालें असतें. आमच्या घरीं थोरल्या दादानें वर्तमानपत्रांतील बातमी व चित्र कातरून, पोस्टकार्डाच्या पाठीवर चिकटवून, मागें बोरूनें धावांचा आंकडा लिहिला होता. पुढें हजारे, मांकड, उमरीगर, बोर्डे अशीं अनेक ‘कार्डें’ त्यानें त्याच रीतीनें केलीं. तेथील मुलांनीं कंपनीचीं चित्रें जमविलीं. येथील मुलांनीं आपलीं चित्रें आपणच केलीं. दोहोंत कोणाला अधिक कष्ट व कोणाला अधिक गोडी, हें वाचकांनींच ठरवावें.

ह्या व्यवहाराला कडक कायदे होते. प्रत्येक छापाचा भाव ‘आण्यांत’ ठरलेला असे. हे आणे नुसते बोलण्याचे. खरा पैसा मधें येत नसे. १९५७ च्या एप्रिलांत सरकारनें नवे पैसे आणले, तरी आमचा बाजार आण्यांतच चालू राहिला. जमिनीवर रिंगण काढून त्यांत छापांची चवड ठेवावयाची आणि लांबून चपटा दगड मारून जितके बाहेर उडतील तितके आपले, हा खेळ मुलगे खेळत. फाटका छाप पुऱ्या भावानें दिला तर देणाऱ्याशीं आठ दिवस अबोला. एकदां झालेली अदलाबदल मोडावयाची नाहीं, मग घरीं जाऊन कितीहि पश्चात्ताप होवो. कुंभारवाड्यांतला मुलगा असो कीं मामलेदारांचा असो, छापाचा भाव दोघांस सारखाच. आमच्या घरच्या मुलांना ज्या आळ्यांत एरवीं पाठवीत नसत, त्या आळ्यांतील दारें छापांनीं आम्हांस उघडून दिलीं. आणि त्या घरांतून मिळालेलें पाणी आम्हीं आनंदानें प्यालों, हेंहि येथें सांगावयास हरकत नाहीं. आणखी एक अलिखित नियम होता. सिगारेटचें पाकीट कोणी आणलें तर तें कोठून मिळालें, हें घरांत विचारावयाचें नाहीं. सोंवळ्याच्या घरांतील एखाद्या काकांचें गुपित त्या नियमावर वर्षानुवर्षें सुखरूप राहिलें होतें.

मुलीच्या जातीनें रस्त्यावरच्या पेट्या वेंचणें मात्र घरांत कोणास रुचत नसे. मुलग्यांचा तो छंद, माझा तो चाळा, असा भेद होता. माझी बाजू घेतली ती आमच्या आत्यानें. आत्या ऐन तारुण्यांत विधवा होऊन माहेरीं आलेली. घरांतील लोणचीं-पापड, बाळंतपणें, आजारपणें तिच्या हातचीं. पण तिचें असें म्हणावें तर दोन लुगडीं आणि एक जपमाळ. तिनें एके दुपारीं आम्हां चौघां चुलतभावंडांस बोलावून जुन्या खतावणीची अर्धी कोरी राहिलेली वही पुढें केली, कणकेची खळ शिजविली, कसर लागूं नये म्हणून तींत चिमूटभर मोरचूद घातला आणि म्हणाली, “सगळे ह्यांत लावा. पण प्रत्येक छापाखालीं तीन गोष्टी लिहावयाच्या : कोणीं आणला, कोठें मिळाला, कधीं मिळाला.” मीं कुरकुर केली कीं चित्र सुरेख आहे, लिहिण्यानें पान विटेल. त्यावर ती म्हणाली, “अगं, चित्र कोणासहि दिसतें. तें आलें कोठून, हें लिहिल्याशिवाय दिसत नाहीं.”

आत्या बालबोध वाचण्यालिहिण्यापलीकडे शिकलेली नव्हती. परंतु ज्या तत्त्वावर जगांतील मोठमोठे संग्रह उभे आहेत तें तिनें एका वाक्यांत सांगितलें होतें. अमेरिकेंत सिरॅक्यूज गांवीं जेफर्सन बर्डिक म्हणून एक गृहस्थ होऊन गेला. कारखान्यांत साधी नोकरी करणारा, एकटा, सांधेदुखीनें जर्जर झालेला. त्यानें सिगारेटच्या व मिठाईच्या पाकिटांतील चित्रें, जाहिरातींचे पत्ते, पोस्टकार्डें असा तीन लाखांहून अधिक कागद जमविला. पण त्याचें खरें काम जमविण्याचें नव्हे, लावण्याचें. कोणती मालिका कोणाची, कोणत्या वर्षींची, तिच्यांत किती चित्रें, ह्याची यादी त्यानें १९३९ सालीं छापून काढली. आणि त्यानें दिलेले क्रमांक जुन्या कार्डांच्या व्यवहारांत आजहि चालतात. १९४७ पासून तो आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्यूझियमला देऊं लागला, आणि तेथेंच बसून, वांकड्या झालेल्या बोटांनीं, एकेक चित्र वहींत चिकटवूं लागला. १९६३ च्या जानेवारींत काम संपलें. मार्चांत तो वारला.

इतक्या दूर कशाला जावें ? पुण्यास बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलुपें, फणेरपेट्या, दौती, खेळणीं असल्या घरगुती वस्तु जमविल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई ह्या कामांत त्यांच्या जोडीला होत्या. त्यांचा राजा नांवाचा लहान मुलगा वारला, त्याचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें, आणि वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हवालीं केला. त्यांतील बहुतेक वस्तु कोणा ना कोणाच्या माळ्यावर अडगळ म्हणून पडलेल्या होत्या. दिव्याला अडगळ म्हणणारा आणि ठेवा म्हणणारा ह्यांच्या डोळ्यांत फरक नसतो. फरक असतो तो विचारण्यांत. एक विचारीत नाहीं, दुसरा विचारतो : हा कोणाचा, कोठला, कधींचा ?

आमच्या वहीची खरी परीक्षा पुढें झाली. कूळकायद्यानंतर जमीन थोडीच उरली होती. १९७२ च्या दुष्काळानें उरलेल्याची कंबर मोडली. आणि १९७४ सालीं तिघां भावांची वांटणी झाली. ज्यांनीं वांटणी पाहिली आहे त्यांस सांगावयास नको, आणि ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांस सांगून कळावयाचें नाहीं. तांब्यापितळेचीं भांडीं वजनावर गेलीं. देव्हाऱ्यांतील देव मोजले गेले. भाऊ भावाशीं बोलेना. एकानें पंचांस सांगावें, पंचांनीं दुसऱ्यास सांगावें. माझ्या वडिलांनीं व थोरल्या काकांनीं दोन महिन्यांत एकमेकांकडे पाहिलेंहि नव्हतें. तिसऱ्या दिवशीं फडताळ रिकामें करतांना तो पत्र्याचा डबा निघाला व त्यांतून छापांची वही. मी तेव्हां माहेरीं आलेली होतें. एक चुलतभाऊ म्हणाला, “ह्यांत माझे छाप आहेत.” दुसरा म्हणाला, “माझे अधिक आहेत.” पंचांतील एका वृद्ध गृहस्थांनीं थट्टेनें म्हटलें, “मग हीहि वांटून टाकूं.” आणि वही उघडली.

प्रत्येक पानावर चौघांचीं नांवें आळीपाळीनें होतीं. ‘बाळू, दौंड स्टेशन, श्रावण.’ ‘सुमी, इंदापूर, मोटारस्टँड, वैशाख.’ ज्याचें त्याला द्यावयाचें तर प्रत्येक पान चार ठिकाणीं कापावें लागणार. पानें उलटतां उलटतां थोरले काका एका छापावर थांबले आणि माझ्या भावास, म्हणजे ज्याच्या बापाशीं त्यांचा अबोला होता त्याच्या मुलास, म्हणाले, “अरे, ह्या छापासाठीं तूं रुळांत उतरला होतास, आणि मीं तुला थोबाडींत दिली होती.” माझे वडील खांबाशीं बसलेले होते. ते मान न उचलतां म्हणाले, “दोन दिल्या होत्यास.” कोणीतरी हंसलें. मग सगळेच हंसले. त्या दुपारीं वांटणीचें काम पुढें झालें नाहीं, चहा झाला. वांटणी कांहीं मोडली नाहीं, तिसऱ्या महिन्यांत चुली वेगळ्या झाल्याच. पण त्या दिवसापासून भाऊ भावाशीं थेट बोलूं लागला. पंचांच्या यादींत शेवटची ओळ अशी आहे : ‘छापांची वही एक, न वांटतां, अक्कांचे स्वाधीन.’ भाऊ आत्याला अक्का म्हणत. त्या यादींत आत्याच्या नांवावर लिहिलेली वस्तु ती एवढीच.

ह्या शेवटच्या वाक्यावर वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी माझी विनंती आहे. ज्या बाईनें चाळीस वर्षें घर सांभाळलें तिच्या वांट्यास एक वही आली, आणि तीहि थट्टेंतून. वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलग्याप्रमाणें जन्मतः हक्क मिळाला तो पुष्कळ पुढें. महाराष्ट्रांत १९९४ सालीं, त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींपुरता, आणि २००५ सालीं सर्व देशांत. आत्याला त्याचा उपयोग झाला नाहीं. परंतु दुसऱ्याचें तें दुसऱ्याचें, हें तिनें आम्हांस कायद्याच्या पुष्कळ आधीं शिकविलें होतें. आणि तें शिकवितांना सुमीचें नांव बाळूच्या नांवाएवढ्याच अक्षरांत लिहावयास लाविलें होतें. मुलांचा संग्रह ही लहानशी मिळकत आहे. तिच्यांत मुलगा-मुलगी हा भेद ज्या घरांत होत नाहीं, त्या घरांत मोठ्या मिळकतींत तो करतांना माणसाला कांहीं तरी लाज वाटेल, एवढी आशा धरण्यास हरकत नाहीं.

आजकाल जुना डबा निघाला कीं पहिला प्रश्न येतो तो ‘ह्याचे किती येतील ?’ हा. अमेरिकेंतील बातम्यांनीं हा प्रश्न अधिकच वाढविला आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११ च्या मालिकेंत होनस वॅगनर ह्या बेसबॉलपटूचें चित्र होतें. तें छापणें लवकरच थांबलें, म्हणून प्रती थोड्या उरल्या. त्यांतील एक २०२२ सालीं साडेबहात्तर लाख डॉलरांस गेली. पण त्याच देशांतील दुसरी गोष्टहि ऐकावी. असल्या बातम्या वाचून विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस लोकांनीं नवीं कार्डें पेट्यांच्या पेट्या घेऊन, न उघडतां, मुलांच्या शिक्षणाची पुंजी म्हणून ठेवून दिलीं. कंपन्यांनींहि तीं अपार छापलीं. सर्वांनींच जपून ठेवलीं, म्हणून दुर्मिळ कांहींच राहिलें नाहीं. आणि आज त्या पेट्यांस कागदाच्या भावापलीकडे बहुधा कोणी विचारीत नाहीं. वॅगनरचें कार्ड महाग झालें तें जवळजवळ सर्वांनीं टाकून दिलें म्हणून. तात्पर्य, किंमतीसाठीं जमविलेल्या वस्तूला किंमत येईलच असें नाहीं. गोडीनें जमविलेल्या वस्तूची गोडी मात्र पहिल्या दिवसापासून हातांत असते.

काडेपेटीचे दिवस आतां सरत आले. विम्को २००५ सालीं आय. टी. सी. कंपनीकडे गेली, १ डिसेंबर २०२१ पासून एक रुपयाची पेटी चौदा वर्षांनीं दोन रुपयांची झाली, आणि पुष्कळ स्वयंपाकघरांत तिची जागा लायटरनें घेतली. आजचीं मुलें दुसरें कांहीं वेंचतील. चेंडूफळीचीं वा फुटबॉलचीं कार्डें, बाटल्यांचीं बुचें, जुनीं तिकिटें, नदीकांठचे गोटे. काय वेंचावें हें त्यांनीं ठरवावें. आपण काय करावें, एवढेंच आपल्या हातीं आहे. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतें.

पहिली गोष्ट, मुलाला विचारल्याशिवाय त्याचा डबा झाडलोटींत काढूं नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, तो वाईस एका घरीं मिळालेल्या जुन्या कागदांच्या आधारावर. अशा दप्तरांच्या शोधांत ते जन्मभर गांवोगांव हिंडले, आणि घरच्यांनीं रद्दी समजून घालविलेल्या कागदांसाठीं हळहळले. काडेपेटीचा छाप म्हणजे पेशव्यांचें पत्र नव्हे, हें खरें. पण टाकण्याआधीं विचारण्याची संवय एकच आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येक वस्तूजवळ, कोणीं, कोठें, कधीं, ह्या तीन गोष्टी शिसपेन्सिलीनें लिहवून घ्याव्या. शाई फुटते, पेन्सिल टिकते. तिसरी, कागदाला चिकटपट्टी लावूं नये, ती पिवळी पडून कागद खाते. प्लॅस्टिकच्या आवरणांत तो कायमचा डकवूं नये. आमच्यासारखी खळहि आतां लावूं नये. सुटे कागद साध्या कागदी पाकिटांत घालून, ओल नसलेल्या जागीं, पोथ्यांत ठेवीत तशी वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवून सांभाळावे. आणि चौथी, सर्वांत सोपी व बहुधा सर्वांत राहून जाणारी : जेवणें झाल्यावर कधीं तरी नातवाला किंवा नातीला जवळ घेऊन म्हणावें, “तुझा डबा आण पाहूं, आणि हें कोठून मिळालें तें मला सांग.”

एवढें विचारावयास पैसा लागत नाहीं, आणि विचारलेलें मूल तें आयुष्यांत विसरत नाहीं.